आखूड दांडा

कल्लावेसी तळ्यावरचा बर्फ फुटला त्या आठवड्यात
बाबांनी गाडीवरची ताडपत्री ओढून काढली,
गाडी अंगणात आणली, आणि तिसरा टाकताना
तोंडातल्या तोंडात एक शिवी हासडली.
खांदा. दोन हिवाळे झाले, धरलेला.
डॉक्टरीण म्हणाली, हात लांबवू नका.
बाबा म्हणाले, ते गाडीला सांगा.

मी गाडीलाच सांगायचं ठरवलं.

ओउलूहून खोक्यातून आला नवा दांडा,
हातोडीएवढा जड,
टेकूचा गोळा चौदा मिलिमीटर वर सरकवलेला.
बाकी सगळं शाळेतलं तरफेचं गणित:
टेकूखाली लांबी वाढली
की वरच्या हाताची पायपीट कमी.

बाबा स्टुलावर, कॉफी घेऊन.
चाळीस वर्षं ओंडक्यांचे ट्रक हाकलेला माणूस,
ज्यांचे दांडे वल्ह्याएवढे;
गिअर बदलेपर्यंत म्हणे एक टेकडी संपायची.
"मूठ आधी काढ," ते म्हणाले. "डावीकडे फिरव."
मूठ निघाली. वरचे आकडे झिजून गेलेले.
पाच तेवढा उरला होता, तोही अर्धा.

मग चामड्याची झालर. मग रबराचा पडदा,
तो हातातच फाटला, वाळक्या पानासारखा.
मग तीन बोल्ट. दहाचा पाना हरवला,
हरवणारच, नेहमी दहाचाच हरवतो.
बाबांच्या मांडीखाली सापडला.

दांडा उपसला तसा गंधकाचा वास सुटला,
नासक्या अंड्याचा, अख्ख्या गॅरेजभर.
टोकाला नायलॉनची टोपी होती एके काळी,
आता तिचे तीन तुकडे, काळ्या तेलात.
"म्हणून खुळखुळायचा," मी म्हणाले.
"खुळखुळायचा नाही," बाबा म्हणाले. "बोलायचा."

भोकात चिंधी कोंबली
(एक वॉशर आत पडला की उन्हाळा गेला),
पिचकारीने जुनं तेल ओढलं,
नवं ओतलं, पातळ मधासारखं.
पितळी टोपी बसवली. दांडा आत सोडला.
कपाटाचं दार एकदाचं नीट लागावं
तसा आवाज झाला.

पहिला. दुसरा. तिसरा.
सगळं मनगटावर. खांदा जागचा हलला नाही.
बाबांनी एक भुवई उचलली.
आमच्याकडे एवढं म्हणजे टाळ्या.

संध्याकाळी टप उघडून निघालो.
नऊ वाजले तरी ऊन, भूर्जांना अजून पानं नव्हती,
आणि मी आईच्या जागेवर.
आई उंच. या एवढ्याशा गाडीत
तिचे गुडघे कुठेच मावायचे नाहीत,
एक कायम मधल्या कठड्यावर रेललेला.
तिच्या सगळ्या विजारींच्या डाव्या गुडघ्यावर
एक पुसट तेलकट डाग असायचा, धुऊन न जाणारा.
लहानपणी मला वाटायचं, बागेतला.

सीलिनयार्वीच्या अलीकडे रस्ता सरळ झाला.
चौथा.
मग पाचवा, उजवीकडे आणि पुढे.
दांडा टक्कन बसला. त्याची वाट तिथेच संपली.
बाबांचा हात मात्र थांबला नाही.
मुठीवरून घसरून
तो आणखी चार बोटं हवेत गेला,
आणि बोटांची मागची बाजू
कशालाच न लागता परत फिरली.

"चांगलं झालंय," ते म्हणाले, रस्त्याकडे बघत.
"आखूड आहे."

परतीची सगळी वाट त्यांनी चौथ्यातच चालवली.
इंजिन ओरडत राहिलं.
मी खिशातला दहाचा पाना
चाचपत बसले.