पुठ्ठ्याचं गलबत

वॉशिंग मशीन बुधवारी आलं
आणि त्याच्या खोक्याला मी कुणाला हात लावू दिला नाही.
दोन रात्री ते जिन्याखाली उभं होतं,
ही बाजू वर, असा बाण छातीवर घेऊन.

मनवा शनिवारी सहाची होणार.
तिला चाचे हवेत.
हा शब्द मीच दिला तिला, हौसेनं,
घरात तरी पायरेट म्हणू नये म्हणून.
तिनं तो शाळेत नेला.
झरयाब म्हणाला, चाचा म्हणजे काका,
मला तीन आहेत, एक डर्बीला टॅक्सी चालवतो.
तेव्हापासून तिच्या चित्रांतल्या चाच्यांना
एक डोळा, हाताच्या जागी आकडा
आणि डोक्यावर टॅक्सीचा पिवळा दिवा.

बर्टनपासून समुद्र कुठूनही लांबच.
हवेला वास येतो तो दारूच्या कारखान्यांतल्या
भिजल्या सातूचा. मिठाचा नाही.

हृषी म्हणाला, तयार मिळतं की, बारा पौंडांत,
उद्या दारात येईल.
मी म्हटलं, तू झोप.

पुठ्ठ्याला नस असते.
नसेच्या कलानं घेतलं तर वळतो,
आडवा रेटला की मोडतो, आणि मोड झाकत नाही.
हे अण्णांचं. चिपळूणला, बाइंडिंगच्या दुकानात,
जूनमध्ये वह्यांचे ढीग त्यांच्या खांद्याच्या वर जायचे
आणि ते बोलता बोलता बोटांवरची वाळलेली खळ
सोलत बसायचे, सापानं कात टाकावी तशी.
माझ्या हातून पुठ्ठा वाया गेला तर रागवत नसत.
नुसती पट्टी उचलून माझ्यापुढे सरकवत.

रात्री अकराला मी मैदा शिजवला.
गोंदाच्या तीन नळ्या ड्रॉवरमध्ये असताना.

नाळ जमली. किचन रोलच्या नळ्यांच्या तोफा झाल्या.
पडद्याचा जुना दांडा डोलकाठीला,
उशीचा अभ्रा शिडाला.
त्यावर कवटी काढताना गालफडं जरा जास्त बसली
आणि क्षणभर ती अण्णांसारखी दिसली,
शेवटच्या महिन्यातल्या.
मी घाईनं तिला दात दिले. मोजले नाहीत.

शनिवारी अकरा मुलं.
शेजारची मॉरीन केकसाठी ताटली घेऊन आली,
गुरुवारीच मोतीबिंदू काढलेला,
डोळ्यावर दवाखान्याची पट्टी.
एकदम सगळं शांत.
मनवा पुढे झाली. तू खरी आहेस?
होते, मॉरीन म्हणाली. आता रिटायर झाले.

साडेतीनला झरयाबला न्यायला चाचा आला.
खरोखरचा, टॅक्सी दारात लावून.
मनवानं हाताला धरून त्याला गलबतापाशी नेलं.
त्यानं बूट काढले, रीतसर,
आणि आत बसला, गुडघे हनुवटीशी.
तळ फाटला.
नसेच्या बाजूनं, सरळ, पट्टी लावून कापावा तसा.
तो बिचारा सॉरी सॉरी म्हणत राहिला
आणि मी हसतच सुटले, मुलं बघत राहिली.

सोमवारी निळ्या बिनमध्ये घातलं दुमडून, तोफांसकट.
शीड तेवढं धुतलं. रंग गेला नाही.
आता हृषी त्याच उशीवर झोपलाय,
गालाखाली कवटी,
एक दात जास्त.