रकाना सतरा

दिल्लीहून आलेल्या तक्त्यात बावीस रकाने.
बडोद्यात शिकून गेलेले परदेशी विद्यार्थी,
त्यांच्यावर झालेला खर्च, आताचा हुद्दा,
आणि सतराव्यात:
आपल्या देशाविषयी सद्भावना, एक ते पाच.
एकतीस वर्षं संख्याशास्त्र शिकवलं मी.
सद्भावनेचा मध्यक काढ, असं
कुणी सांगितलं नव्हतं.

एकशे अठ्ठ्याऐंशी पत्रं गेली, त्रेचाळीस उत्तरं आली.
बाकीचे रागावलेत, सुखात आहेत,
की नुसता पत्ता बदललाय?
विश्वामित्रीतल्या मगरी मोजतात, तसंच हे.
उन्हाला काठावर आल्या, तेवढ्याच वहीत.

बहुतेकांनी पाच दिलेत.
पाच म्हणजे हात धुता धुता
पाहुण्याने म्हटलेलं ‘छान झालं होतं सगळं’.

तेशोमेने तीन दिले.
इथिओपिया, वस्त्र अभियांत्रिकी, आता तिकडे सूतगिरणीत.
शेऱ्याच्या जागी एक ओळ:
अकरा घरं. मग दांडिया बाजार.

म्हणून गेले दांडिया बाजारात. तिसरा मजला,
लिफ्ट बंद. कुमुदिनी पागेदार शेंगा सोलत होत्या.
‘अकरा जणांनी नाही म्हटलं त्याला.
कुणी रंग बघून, कुणी मटण खातोस का विचारून.
आणि मी काही देवी नव्हे हो,
डिपॉझिट दुप्पट घेतलं होतं. लिहा तेही.’

मी लिहिलं. त्यासाठी रकाना नव्हता,
समासात लिहिलं.

‘त्याचे रोज सकाळीच बारा वाजायचे,’ त्या हसल्या.
मला वाटलं, अभ्यासाचं म्हणतायत.
तर नाही. त्याच्या देशात
दिवस उजाडला की घड्याळ मोजायला लागतं,
आपले सहा म्हणजे त्यांचे बारा.
नळाला पाणी सहाला. ते चुकू नये म्हणून
मोरीच्या दारामागे त्याने खडूने नाही, चांगल्या ऑइलपेंटने
आपल्या लिपीत लिहून ठेवलेलं:
पाणी, बारा वाजता.

तेवढ्यात दिल्लीचा फोन.
‘मॅडम, एखादी यशोगाथा बघा ना. फोटोसकट.
एकतीस मार्चच्या आत.’
बघते म्हटलं.

दार मात्र बघण्यासारखं होतं.
दोनदा रंगवलंय, आधी पिस्ता, मग बदामी,
आणि मधे वीतभर चौकोन जुन्या निळ्याचा,
कडा वाकड्यातिकड्या,
आत ती अक्षरं, पाय दुमडून बसलेल्या माणसांसारखी.

‘रंगारी वैतागला होता,’ कुमुदिनीबाई म्हणाल्या,
‘म्हणे, हे घाण दिसतं, मारून टाकू का एक हात?
म्हटलं, तेवढं सोड बाबा.
पाण्याची वेळ आहे ती.’

पाणी आता साडेसातला येतं.
रकाना सतरामध्ये मी तीनच ठेवले.
त्याने दिलेत, मी कोण वाढवणारी.