किल्ली देताना

ही घे रोमिना, कपाटाची किल्ली.
दार जरा वर उचलून लाव, नाहीतर अडकतं.
वरच्या फळीवर सात करंडक,
एकाचा कान तुटलाय, तो माझ्याच हातून पडला.
खाली चेंडू अकरा. हवा धरणारे आठ.

तू विचारशील, म्हणून आधीच सांगतो,
हे साती करंडक ब्राइआनचे.
नऊ वर्षांचा होता तेव्हाच माझ्या खांद्याला लागायचा.
आम्ही मागून चेंडू उंच भिरकवायचो
आणि तो धावायचा.
बाकीची पोरं त्याच्या मागे,
पोस्टमनच्या सायकलीमागे कुत्री लागतात तशी.
लाथ मारीन तिथे गोल.
नदीकाठच्या गावांत आमची बस दिसली
की समोरचे प्रशिक्षक बुटांच्या नाड्या बांधायला खाली वाकायचे.

डावा पाय वापर, असं मी त्याला कधी म्हटलं नाही.
थांब, मान वर कर, कोण कुठे आहे बघ,
नाही म्हटलं.
जिंकणाऱ्याला काय शिकवायचं?

मग चौदाव्या वर्षी, एकाच उन्हाळ्यात,
बाकीची पोरं मक्यासारखी वाढली.
ब्राइआन होता तेवढाच राहिला.
आता त्याच्याभोवती सगळीकडे पाय होते
आणि त्याला वळता येईना.
वळायचं कसं, हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.
कुणी म्हणजे मी.

हल्ली पेट्रोल पंपावर असतो, पुलाकडे जाताना डावीकडे.
माझ्या खटारा गाडीची काच दोनदा पुसतो.
अजून ‘प्रोफे’ म्हणतो.
सुटे पैसे परत घेताना
माझी नजर मीटरवरच असते.

तर त्यानंतर ही अनाही आली.
आठ वर्षं, गुडघ्यांवर खपल्या, मोजे घोट्यापर्यंत घसरलेले.
चेंडू मिळाला की वळणार.
स्वतःच्या गोलसमोरसुद्धा वळणार.
कुंपणाशी तिचा बाप, हेर्वासियो, माते ढवळायची सळी उगारून,
“मार! लांब मार! काय करतेस!”
मी शिट्टीची दोरी दातांत धरली.
पाच गोल खाल्ले त्या दिवशी, तीन तिच्या वळण्यावर.
बसमध्ये कुणी गाणं म्हटलं नाही.
हेर्वासियो म्हणाला, “हे शिकणं कधी संपणार?”
पी हळद आणि हो गोरी, असं नसतं,
मी सांगितलं, मोठ्या रुबाबात.
आणि घरी जाऊन कॅलेंडरवर गुण मोजले.
बायकोला सांगितलं, वीजबिल बघतोय.

खोटं कशाला बोलू,
जिंकण्याची चव मला अजून आवडते.
पोरांनाही आवडते. का आवडू नये?
त्या मोसमात तिघं सोडून गेली.
सारखं हरणारं पोर काही वळायला शिकत नाही,
ते शनिवारी घरी राहायला शिकतं.
म्हणून शेवटच्या दहा मिनिटांत
मी कधीकधी उंच पोरांना आत सोडलं
आणि मान खाली घालून पाहिलं.
चिमूट किती आणि ओंजळ किती, ते माप
तेवीस वर्षांत मला सापडलं नाही.
तुला सापडलं तर कपाटात चिठ्ठी ठेव.

ऑक्टोबरात एकदा, मैदानाच्या मध्यावर,
अनाहीने पाठीवर आलेल्या पोराला आधी खांद्याने जोखलं,
चेंडू तळव्याखाली ओढला,
आणि वळली.
तो पोरगा तिच्या जुन्या जागी धावत राहिला.
तिनं मान वर केली, पास दिला,
तिथे कुणीच नव्हतं.
चेंडू बाहेर गेला, गटारात.
हेर्वासियोने कपाळावर हात मारला.
मी बाकाची कड इतकी घट्ट धरली होती
की सोडताना हाताला रंगाची खपली आली.
गुणफलक विचारू नकोस.
तीन-दोन. हरलो.

बाकी काय. जाळीला दोन भोकं आहेत, दोरा मागव.
संत्री आदल्या रात्री कापू नकोस, कडू होतात.
आणि चेंडूत हवा भरताना
सुई कोरडी खुपसू नकोस,
आतलं रबर फाटतं.
थुंकी लाव.
हळू.