सायकलला तिकीट नाही

पावणेआठची फेरीबोट, दिवाडीहून.
आधी चारचाकी, मग स्कूटरी,
मग पाव खपवून आलेला पोदेर, त्याची रिकामी टोपली,
मग मी. हँडलला डबा,
कॅरिअरवर पिशवीत गुंडाळलेल्या ऑफिसच्या चपला.
खलाशी रुझार तिकिटं फाडत फाडत येतो,
माझ्यापाशी हात आखडतो:
"तुजें कितें बरोवं, बाय? सायकलीक तिकीट ना."
एकोणीस वर्षं झाली.
त्याच्या वहीत मी नाहीच.

रायबंदर संपलं की पणजीपर्यंत सरळसोट बांध.
उजवीकडे मांडवी, डावीकडे चिखल, खारफुटी,
एका पायावर उभे राहून काही न ठरवणारे बगळे.
आणि वारा. तो कायम माझा.
दिवाळीपासून मेअखेरपर्यंत
सकाळी जमिनीवरून येतो, पाठीत थाप देतो,
संध्याकाळी समुद्रावरून येतो, परत पाठीतच.
लग्न झाल्यापासून इतकी आयती मदत
दुसऱ्या कुणी केलेली आठवत नाही.

जुलैचं सोडा.
रेनकोटच्या आत बाहेरच्यापेक्षा जास्त पाणी,
ब्रेक नुसते नावाला,
सकाळचा वारा तेव्हा छातीवर हात ठेवून म्हणतो, जा परत.
ऑफिसात ओढणी पंख्याखाली वाळत घालते.
साहेब म्हणतात, कर्ज काढा, स्कूटर घ्या.
कायतान म्हणतो, चेनला खोबरेल घालू नका,
डिसेंबरात थिजतं.
मी कायतानचं ऐकते.

बांधावर एक माणूस भेटायचा.
समोरून, सकाळी आणि संध्याकाळीही.
काळी सायकल, दांड्याला टॉर्च बांधलेली,
सीट त्याच्या उंचीला अंमळ कमी, गुडघे बाहेर फाकलेले.
तो घंटी एकदा वाजवायचा, मी दोनदा.
का दोनदा, ठाऊक नाही. एवढंच ठरलेलं.
नेहमी वाकलेला असायचा, हँडलवर जवळजवळ आडवा.
मला वाटायचं, सवय असेल.
फक्त जुलैच्या सकाळी ताठ बसून यायचा
आणि धापा टाकणाऱ्या मला बघून हसायचा.

मी जन्म-मृत्यू नोंदणीला असते. खिडकी दोन.
परवा एक मुलगा आला, दवाखान्याचा कागद घेऊन,
सोबत ओळखपत्र.
फोटो सरळ होता. डोळे तेच.
मी पेन उघडलं.
नाव: गुरुदास शाबा खोर्जुवेकर.
वय: एकसष्ट. राहणार: खोर्ली.
धंदा?
"रातचो वॉचमन. मिरामारच्या हॉटेलात."
मी 'पहारेकरी' लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच आलं.
मुलगा म्हणाला, जुनी सायकल पडलीय घरी,
भंगारवाला वजनावर मागतो.
मी म्हटलं, इथं सही करा.

जेवणाच्या सुट्टीत डबा उघडला तेव्हा कळलं.
मी सकाळी पश्चिमेला, तो पूर्वेला.
मी संध्याकाळी पूर्वेला, तो पश्चिमेला.
म्हणजे माझ्या पाठीतला वारा
दोन्ही वेळा त्याच्या तोंडावर.
वर्षातले सात महिने.
रात्रभर जागून आणि परत जागायला जाताना.
भाजी तशीच राहिली. तांबडी भाजी होती.

संध्याकाळी बांधावर निम्म्यात आले,
वारा नेहमीसारखा पाठीला लागला,
चल म्हणाला.
मी उतरले. सायकल फिरवली.
पणजीकडे तोंड करून पेडल मारायला लागले.
ओढणी तोंडावर, डोळ्यांत मीठ,
एक मोटारवाला ओरडून गेला, उलट्या बाजूने होते मी.
आपोआप वाकले.
विजेचे सहा खांब मोजले. सातवा जमला नाही.

साडेसहाची बोट चुकली. पुढचीला
रुझारनं चाकाखाली वीट सारली.
"आज उशीर? चेन पडली?"
होय, म्हटलं.
हात उगाच काळे आहेत का ते बघितलं त्याने,
आणि तिकिटं फाडत पुढे गेला.