दोन जास्तीचे दिवस

द्राक्ष बागायतदारांचा दौरा होता, सत्तावीस माणसं,
त्यात बायका चार.
बाकीचे परतीच्या विमानात बसले
आणि आम्ही दोघं सान्तियागोत मागं राहिलो,
कारण तिकीट काढणाऱ्यानं आमची तारीख चुकवली.
सुकुमारांनी (नाव कागदावर घेते, घरात नाही)
मिरजेच्या त्या एजंटाला फोनवर जे सुनावलं
ते इथं लिहीत नाही.
मग म्हणाले, चल, बघू तरी गाव.

गाव! साठ-सत्तर लाखांचं.

मालगावात एकतीस वर्षं हे पुढं, मी मागं.
कुणी घालून दिलेला नियम नव्हे.
यांचं पाऊल मोठं, आणि माझ्या हातात कायम काहीतरी,
डबा, पिशवी, कुणाचं तरी मूल.
तिथं माझे हात रिकामे होते
आणि वाट दोघांनाही ठाऊक नव्हती,
म्हणून बरोबरीनं चाललो.
एवढंच. फार मोठं काही नाही.

शहराच्या मधून नदी होती,
दगडी भिंतींत कोंडलेली, गढूळ, घाईत.
"बर्फाचं पाणी," हे म्हणाले
आणि कठड्यावर ओणवून बघत राहिले.
किती एचपीची मोटर बसेल, हा हिशेब
मला त्यांच्या पाठीवरून कळला.
रस्त्याच्या टोकाला डोंगर.
आपल्या दंडोबासारखा नव्हे;
आभाळ जिथं असायला हवं तिथं दगड,
आणि त्याच्याही वर बोटभर पांढरं.

चौकातल्या बाकावर बसून मी चप्पल काढली.
समोर आमच्याच वयाचं जोडपं,
भर दुपारी एकमेकांच्या गळ्यात.
सुकुमार कबुतरं मोजू लागले.
बऱ्याच वेळानं म्हणाले, "बावन्न."

खायची पंचाईत. बटाटा म्हणे तिकडूनच जगभर गेला,
आणि आम्ही नेमका तोच सोडलेला.
पावात लोण्यासारखं हिरवं फळ,
वर पिशवीतली शेंगांची चटणी. वाईट नव्हतं.

मग ते दुकान. आपल्या मार्केट यार्डाएवढं, आत माघाचा गारठा.
द्राक्षांसमोर हे थांबले.
शर्टाच्या खिशातून मणी मोजायची रिंग काढली
(सात समुद्र ओलांडून आलेली रिंग!)
आणि एकेक मणी घालून बघायला लागले.
"एकोणीस. वीस. हा बघ, एकवीस."
रखवालदार आला.
यांनी मोबाईलवर आपली बाग दाखवली,
मांडव, ड्रिप, खताच्या पोत्यावर झोपलेलं कुत्रं.
तो माणूस विरघळलाच. घडाकडं बोट करून,
बालवाडीत शिकवावं तसं म्हणाला,
"उवा."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.
"उवा," तो पुन्हा म्हणाला, मायेनं.
यांचा हात आपोआप डोक्याकडं गेला
आणि मला हसू फुटलं.
तोंडात कोंबायला पदर शोधला,
तर अंगात लेकीचा कुडता.
गाड्याला धरून खाली बसले,
मला उठवायला वाकले ते हेही बसले.
पन्नाशी उलटलेली दोन माणसं, परक्या फरशीवर,
डोळ्यांतून पाणी, शब्द एकच.
रखवालदारानं पाण्याची बाटली आणून दिली.
त्याला वाटलं असेल, घरची आठवण आली.

आता खरड छाटणी चालू आहे.
भावकीतले विचारतात, काय काय पाहिलं?
हे सांगतात वाण, एकरी उतारा, शीतगृहं.
मी सांगते डोंगर.
चालताना हे पुन्हा पुढं असतात, खोटं कशाला सांगू.
पण संध्याकाळी, बागेत एकही मणी नसताना,
उंबऱ्यात थांबून, सगळ्यांदेखत, गंभीर तोंडानं म्हणतात,
"येतेस का, उवा बघून येऊ."

सून भाकरी थापायची थांबते,
पिठाचा हात पुसते
आणि हळूच नातीच्या केसांत बघते.