रिकामा फेरा

आणलं त्या दिवशी ते चालत जिन्यापर्यंत आलं होतं.
मागचे चार बोल्ट काढायचे असतात,
ढोल प्रवासापुरता बांधलेला असतो,
हे कुणी सांगितलं नव्हतं.
मी कठड्याला धरून उभी
आणि ते दणदणत, पाइप ताणत येतंय,
माझ्याकडेच भाडं मागायला निघाल्यासारखं.

खजराण्याहून फारुखभाई आले.
बोल्ट काढले, पाय पिळून सारखे केले,
वर पाण्याची वाटी ठेवून पाहिली. हलली नाही.
"अब नहीं भागेगी."
त्यांच्या हिंदीत ती, माझ्या मराठीत ते.

भंवरकुव्याच्या मागे माझी गच्ची, तीन खोल्या, पाच मुलं.
पीएससीची तीन, पटवारीचा एक, एक बँकेचा.
नीमच, सनावद, बडवाह, एक थेट अलीराजपूरचा.
मशीन सगळ्यांत एक. म्हणून दारामागे कागद लावला,
मराठीत ठरवून हिंदीत लिहिलेला:

नर्मदेचं पाणी एक दिवसाआड. पांढरे कपडे त्याच दिवशी.
बोअरच्या पाण्यात शर्टाचा पापड होतो.
खिसे उलटे करा.
वर एक वीत जागा मोकळी ठेवा, कोंबू नका.
पावडर दीड चमचा. फेस जास्त म्हणजे स्वच्छ जास्त नव्हे,
तुमच्या निबंधांसारखंच.
(हे खोडलं.)
झालं की दार उघडं राहू द्या, नाहीतर रबराला बुरशी येते.

हजार पानं पाठ करतात, हा एक कागद नाही.

दर दुसऱ्या रविवारी मी फतकल मारते,
उजवीकडचं छोटं झाकण उघडून खाली परात लावते.
आधी करडं पाणी. मग
दोन रुपये, पेनचं टोपण, राखीचा मणी,
पासपोर्ट फोटो: चेहरा धुऊन गेलेला, कॉलर शिल्लक.
एकदा जिरावनची अख्खी पुडी.
आठवडाभर पाचही जण
पोह्यांच्या ठेल्यासारखे दरवळत क्लासला गेले.
मिळेल ते स्टीलच्या वाटीत ठेवते, ज्याचं त्यानं न्यावं.
पैसे जातात.
बटणं कुणी नेत नाही.

जानेवारीत निकाल लागला.
त्या रात्री दोन वाजता वर मशीन चालू.
वीज, पाणी, शेजारचे सोनी,
वाक्यं जुळवत मी जिना चढले.
लोकेंद्र फरशीवर, पाठ मशीनला टेकवून.
काचेतून पाहिलं तर आत कपडा एकही नाही.
नुसतं पाणी चढतंय, पडतंय.

"खाली चला रहा है?"
"गरम है, आंटी."
एवढंच. पाठ शेकत होता.
मशीनच्या आवाजाखाली आणखी एक आवाज होता,
तो मी ऐकला नाही असं ठरवलं.

खाली गेले. फडताळातून लिंबूसत्वाची पुडी आणली,
वरच्या खणात ओतली, म्हटलं, बरं झालं लावलंस,
महिन्यातून एकदा गरम पाण्यात रिकामं फिरवावंच लागतं,
बोअरचा क्षार हीटरवर बसतो,
बाहेरून दिसत नाही.
हे मी मराठीत बोलत गेले,
त्याला किती कळलं कोण जाणे.
पडद्यावर एक तास बारा मिनिटं उरली होती.
बादली पालथी घातली आणि बसले.
मधे तो शाल घेऊन आला, माझ्यासाठी.

सकाळी दार उघडं होतं, रबर पुसलेलं.
कागदावर मी एक ओळ वाढवली:
महीने में एक बार खाली चलाएँ.
बिल मकान मालकिन का.

पुढच्या रविवारी फिल्टरमधून
चुन्याचे पांढरे खवले निघाले, मूठभर.
ते परातीतच राहिले.
वाटीतली दोन बटणं मात्र
कुणीतरी नेली होती.