वांगी रंग

शहात्तरच्या टीमचे कर्डिले साहेब
सकाळीच आले, पिशवीतून जर्सी काढली,
प्राचार्यांच्या टेबलावर अशी अंथरली
जसा कुणी सातबारा अंथरावा.
"हा आपला रंग," म्हणाले. "वांगी."
मी दाराशी उभा, किटरूमची किल्ली कमरेला.

एकतीस वर्षं मी हा रंग धुतलाय.
मैदानामागच्या नळावर, बादलीत,
मीठ टाकून, तुरटी टाकून, शिव्या घालून.
पहिल्या धुण्याला पाणी जांभळं,
दहाव्यालाही जांभळंच.
सामना संपला की पोरांच्या छातीवर, काखेत
रंग उतरलेला असायचा.
डिसोझाची आई दारातच विचारायची,
खेळून आलास की मार खाऊन?

नवीन जर्सी काळी आहे.
खांद्यावरून पोपटी वीज गेलेली,
पोटावर पिंपळगावच्या एक्स्पोर्टवाल्याचा द्राक्षघड,
पाठीवर ज्याचं त्याचं आडनाव.
घाम धरत नाही, रंग सोडत नाही,
इस्त्री लागत नाही.
थोडक्यात, मी लागत नाही.

कॅप्टन पगार तसा गुणी पोरगा.
हात मागे बांधून म्हणाला,
"सर, वांगी घालून उतरलो की
देवळालीची पोरं 'भरीत, भरीत' ओरडतात."
"आमच्या वेळीही ओरडायची," कर्डिले म्हणाले,
"मग आम्ही त्यांचंच करायचो."

रविवारी माजी खेळाडूंची बैठक.
जो तो आपापला पुरावा घेऊन आलेला.
कुणाची ट्रंकेतून, डांबरगोळीच्या वासासकट,
कुणाच्या जर्सीची बायकोनं उशी शिवलेली,
ती उसवून आणलेली, कापूस चिकटलेलाच.
नऊ जर्सी टेबलावर.
नऊ रंग.
एक बीटासारखा, एक जांभळाच्या डागासारखा,
एक रामशेजमागे दिवस बुडताना दिसतो तसा,
एक गंजलेला,
आणि जितू गोसावीची तर चक्क गुलाबी.
ट्यूबलाइट तेवढी गुणगुणत राहिली.
मग कुणीतरी म्हणालं, ऊन लागलंय,
कॉलर उलटा, आत मूळ रंग असतो.
म्हाताऱ्या बोटांनी नऊ कॉलरी उलटल्या.
आतही नऊच.

मला ठाऊक होतं.
भद्रकालीतल्या दगडू भावसारच्या ओट्यावर
मी दर जूनला गठ्ठा घेऊन बसायचो.
साड्यांचा उरलेला लाल,
बँडवाल्यांच्या कोटांचा उरलेला निळा,
जे उरेल ते एका कढईत, आणि वरून आमचे बनियन.
त्यानंच सांगितलं होतं, विडी विझवत:
तुमच्या कॉलेजनं पहिल्या वर्षी मरून मागितला होता.
माझा हात चुकला.
शनिवारी मॅच होती, परत रंगवायला वेळ नव्हता.
शनिवारी जिंकले.
पुढच्या वर्षी स्वतःच येऊन म्हणाले,
तोच दे.

हे मी बैठकीत सांगितलं नाही.
कर्डिले साहेब जर्सीची घडी घालत होते,
एक बाही आत, दुसरी बाही आत,
पोरीला शाळेत सोडताना
फ्रॉक सारखा करावा, तसं हलक्या हातानं.
सांगून कुणाचं भलं झालं असतं?
ठराव झाला. काळी.

डिसेंबरातला पहिला सामना, सिन्नरच्या कॉलेजशी.
सकाळी सातला धुकं इतकं
की गोलपोस्ट नुसता अंदाजानं.
मी शाल गुंडाळून बाकावर. धुवायला काही नाही.
धुक्यातून एक पोरगा सुटला,
डावीकडून, बॉल पायाला चिकटवून,
अंगात जांभळं काहीतरी,
आणि मी उठलोच.
"हाण, हाण रे, सोडू नको!"
त्यानं हाणला. जाळी हलली.
मी दोन्ही हात वर करून नाचलो,
शाल चिखलात.

आजूबाजूला सगळे गप्प.
सिन्नरवाल्यांनी यंदा वांगी घेतलीय,
दुकानात तयार मिळाली, सवलतीत.
पगार धापा टाकत जवळ आला, शाल उचलून दिली,
हसू दाबत, अगदी हळू म्हणाला,
"काका, आपण काळे."